तारपा पाहुण्यांसाठी नको, पोरांसाठी हवा

मा. आदिवासी विकासमंत्री,
महाराष्ट्र राज्य

जोहार.

९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन आणि १५ नोव्हेंबरची बिरसा मुंडा जयंती जवळ आली की ठाण्यालगतच्या येऊरच्या पाड्यांवर फोन वाजू लागतात. नाचाचं पथक हवं असतं, पंधरा मिनिटांसाठी. आम्ही जातो. पाहुण्यांना उशीर झाला की पंधराची पाच होतात.

साहेब, तारपा, म्हणजे आमचं फुंकून वाजवायचं वाद्य आणि त्यावरचा नाच, पंधरा मिनिटांत बसत नाही. नवं भात हाती आलं की तो घुमायला लागतो आणि रात्र सरेपर्यंत थांबत नाही. वाजवणारा मधोमध, बाकीचे कमरेला हात घालून त्याच्याभोवती. तो वळेल तसं वळायचं, त्याच्याकडे पाठ करायची नाही. व्यासपीठावर मात्र आम्हाला प्रेक्षकांकडे तोंड करायला सांगतात! वाळका दुधी, बांबू, ताडाचं पान आणि मेण यांतून तो जुळवायचा कसा, हे जाणत्याच्या शेजारी बसूनच कळतं. पण शहापूर-मुरबाडकडची किती तरी पोरं लहानपणीच आश्रमशाळेत जातात आणि कातकऱ्यांची दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर. शेजारी बसायचं कधी? लग्नात गाणाऱ्या धवलेरीचंही तेच. तिची गाणी पाठ असलेली मुलगी आता शोधावी लागते.

२०१४ साली पालघर वेगळा झाला आणि ठाणे म्हणजे फक्त टॉवर, असाच समज झाला. शनिवारी रात्री येऊरला पार्ट्यांचे स्पीकर दणाणतात. त्या गोंगाटात आमच्या पोरांनी आपलं काय ऐकायचं?

आणि हा प्रश्न नुसत्या नाचगाण्याचा नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात चँडलर आणि लालोंड या अभ्यासकांनी तिथल्या मूळनिवासी वस्त्यांतल्या तरुणांच्या आत्महत्या अभ्यासल्या. १९९८ साली त्यांनी मांडलं की शाळा, आरोग्यसेवा, सांस्कृतिक जागा ज्या वस्त्यांच्या स्वतःच्या हातात होत्या, तिथे आत्महत्या कमी होत्या. तिथलं गणित इथे जसंच्या तसं लागू होणार नाही, आणि तारपा म्हणजे औषध नव्हे. खचलेल्या मुलाला समुपदेशक लागतोच. पण कारभार कुणाच्या हातात, हा प्रश्न इथलाही आहे.

म्हणून मागणं असं. आपल्या खात्याच्या शहापूर प्रकल्पातल्या आश्रमशाळांत आणि शहरातल्या आदिवासी वसतिगृहांत दर आठवड्याला एक संध्याकाळ तारपकरी, धवलेरी, कांबडनाच जाणणारे ठाकूर जमातीतले लोक यांना बोलवा. दहावीचा दाखला मागू नका, मानधन मात्र दरमहा वेळेवर द्या. काय शिकायचं ते मुलांना आणि पाड्यांना ठरवू द्या. कुणाला रॅप करायचं असेल तर तेही आपल्या बोलीत होऊ दे. होळीला मुलांना घरी सोडा. शेवटी गुण देऊ नका, स्पर्धा तर नकोच.

यंदाच्या १५ नोव्हेंबरची निमंत्रणपत्रिका छपाईला जाण्याआधी एवढा आदेश निघावा. त्या दिवशी पथक हवंच असेल तर आम्ही येऊ, पण मैदानात गोल करून नाचू. पाहुण्यांनी हवं तर आत यावं.

आपला,
येऊरच्या पाड्यावरचा एक वारली तरुण