टॉक वाजणारा शब्द

सोन्या,

फोनवर हे बोलायला घेतलं की तू हसतोस आणि विषय भलतीकडेच जातो, म्हणून टाईप करतेय. मोठं झालं तर झालं, डबा खाताना वाच.

रविवारी तुझ्या मैत्रिणीच्या आईशी पहिल्यांदा व्हिडिओ कॉल, म्हणून गेले महिनाभर मी त्यांची दक्षिण आफ्रिकेतली खोसा भाषा शिकतेय. तिच्या व्हॉइस नोट्स ऐकायच्या आणि तुझ्या जुन्या शंभर पानी वहीत उतरवून घ्यायचं. तुमच्या पोर्ट एलिझाबेथचं 2021 मध्ये जे नवं नाव झालं ते मला अजून बोलता येत नाही, कारण ते सुरूच जिभेच्या टॉक आवाजानं होतं. त्यांचे असे आवाज तीन. एक आपला हळहळताना करतो तो च्च, दुसरा गालातून काढायचा, तुझे पणजोबा बैल हाकताना काढायचे तसा, तो मला लगेच जमला. तिसरा टॉक, बाटलीचं बूच उडाल्यासारखा. तो अडलाय.

पहिलीच गंमत म्हणजे तिच्या आईला म्हणायचं ‘मोलो, मामा’. मामा म्हणजे आई! आणि आपल्या मामाला ते मालुमे म्हणतात. मला हसू आवरत नाही, रविवारी काय होणारे कोण जाणे. पण नात्यांत ती माणसं आपल्यासारखीच बारीक बघतात, मावशी वेगळी, आत्या वेगळी, इंग्रजीसारखं सगळ्यांना एका आंटीत कोंबलेलं नाही. मावशी उमाकाझी आणि आत्या उदादोबावो.

आता लग्नाचे शब्द. उम्येनी म्हणजे नवरा, आणि आपल्याकडं कसं बोहल्यावरचा पण नवरा आणि वीस वर्षांनी सोफ्यावर लोळणारा पण नवराच, तसं त्यांचंही आहे. बायकोला उम्फाझी, पण तिनं बजावलंय की मान द्यायचा असेल तर इन्कोसिकाझी म्हणायचं, त्यात राजा-सरदाराचा ‘इन्कोसी’ आहे, म्हणजे जवळजवळ राणीच झाली की. तू सध्या तिचा इसोका, म्हणजे प्रियकर, आणि ती तुझी इन्तोम्बी, म्हणजे प्रेयसी. हे मी तुझ्या मामाला अजून सांगितलेलं नाही.

लग्न करणे याला जुने शब्द दोन आहेत, पुरुषासाठी उकुझेका आणि बाईसाठी उक्वेन्डा. ऐकून मला आपलं ‘मुलगी कुठं दिली’ आणि ‘सून कुठली केली’ आठवलं, आपल्यात पण क्रियापद एक नाहीच. नाव न घेण्याचंही तसंच, त्यांच्यात सून सासऱ्याच्या नावातलं अक्षरसुद्धा दुसऱ्या शब्दात येऊ देत नाही, ह्लोनिफा म्हणतात त्याला, आणि तुझी पणजी आठव, पणजोबांच्या नावात गुलाब होता म्हणून जन्मभर गुलाबाला ‘ते काट्याचं फूल’ म्हणाली. उखाण्यातच काय ते नाव. नवीन सुनेला सासरी नवं नाव पण ठेवतात, बहुतेक ‘नो’ लावून, जसं नोखाया, त्यात घर आलं. मला वाटलेलं तांदळात नाव फक्त आपल्याकडंच बदलतात.

पण एक गोष्ट ऐकून मी वही बाजूला ठेवली. इसिदुको म्हणजे त्यांचं कुळाचं नाव, आपल्या देवकासारखं, एक असेल तर लग्न नाही. तर बाईचा इसिदुको लग्नानंतर पण माहेरचाच राहतो, आणि सासरची माणसं मानानं हाक मारतात ती त्याच नावानं. भेले कुळातली असली तर माम्भेले, मरेपर्यंत माम्भेले. आणि इथं माझं बघ, आधारवर एक आडनाव, पासबुकावर दुसरं, गॅसच्या कार्डावर अजून तुझ्या बाबांचंच, आणि मागच्या महिन्यात बँकेतल्या पोरानं सगळ्यांसमोर विचारलं, मॅडम नक्की कोण तुम्ही?

लोबोलाचं पण कळलं. आपल्या हुंड्याच्या उलट, मुलाकडच्यांनी मुलीकडं द्यायचं, हिशोब गाईंचा पण हल्ली बहुतेक रोख. बोलणी करायला मध्यस्थ जातात, ओनोझाकुझाकु, हा शब्द मला फार आवडला. आपल्याकडून मामाच जाणार, दुसरं आहे कोण. पण त्याला आधीच सांग की ही घासाघीस वांग्यांची नाही. आणि हुंडा 1961 पासून कायद्यानं बंद असून माझ्या लग्नात काय काय दिलं ते त्याला तोंडपाठ आहे, त्यामुळं त्यांच्या गाईंना नावं ठेवायची नाहीत म्हणावं. हे असं लोबोला देऊन केलेलं लग्न तिकडं 1998 च्या कायद्यानं पूर्ण मान्य आहे, मी बघून ठेवलंय.

आता खरा विषय. तिची आई विचारणारच, ‘उचातिले?’ म्हणजे लग्न झालंय का. हो असेल तर ‘न्दिचातिले’, आपल्या पाहिले-राहिलेसारखं शेवटी इले. नाही तर ‘अन्दिचातांगा’. मी दोन्ही पाठ केले आणि मग लक्षात आलं की दोन्ही माझ्या कामाचे नाहीत.

तिला विचारलं. आधी गप्प बसली, मग म्हणाली जुन्या माणसांत इदिकाझी असा एक शब्द आहे, नवरा नसलेल्या बाईला हिणवायचा, तो वहीत लिहू नका. मी लिहिला. शेजारी ‘टाकलेली’ लिहिलं, तुझ्या आत्यानं तुझ्या मुंजीत मला ऐकू जाईल असं म्हटलं होतं ना, ते.

मग तिनं नीट शब्द दिला, उकुहावुला उमचातो. यातला ‘हा’ टॉक करून काढायचा. उमचातो म्हणजे लग्न, आणि पहिला शब्द दोरी ताडकन तोडतात ना, तो. मला एकदम काडीमोड आठवलं. आणि तो टॉक अगदी काडी मोडल्यासारखाच वाजतो रे, मी तीनदा ऐकलं. माझं मी म्हणताना आधी ‘न्दि’ लागतं, म्हणजे मीच मोडलं असं होतं. सोळा वर्षं मी लोकांना ‘आमचं पटलं नाही’ एवढंच सांगत आलेय.

सकाळी भाजी चिरताना, कुकर लावताना टॉक टॉक चाललंय, वरच्या काकू विचारून गेल्या नळ गळतोय का.

रविवारी तुमच्या चार वाजता लाव, म्हणजे इथं साडेसात, माझी दिवाबत्ती झालेली असते. तू मधे बोलून सांभाळून घेऊ नकोस, मला म्हणू दे. आणि तिच्या आईचा इसिदुको कुठला ते आधी कळव, मामा म्हणायला गेले तर मी हसणार.

आई