त्या आजोबांना तू नावाने कधी हाक मारलीस?

अहिल्यानगर,
लेंटचा तिसरा आठवडा

चि. सोन्यास,
प्रभू येशूच्या नावात अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ ओट्यापाशीच उभी राहिले. तू म्हणालास, "आई, मला मंडळीत काहीतरी खरी सेवा करायची होती. गिटार वाजवायची होती, तरुण संघात बोलायचं होतं. आणि मंडळीच्या पंचांनी मला एका म्हाताऱ्याची ने-आण करायला लावलंय." मग तीन रविवारांची सगळी तक्रार ऐकवलीस. गाडीवर बसायलाच त्यांना पाच मिनिटं लागतात. रस्ताभर कुरकुर. पायाला लावलेल्या मलमाचा वास. देवळाच्या दारात उतरवून दिलं तर "बरं झालं रे बाळा" एवढंही नाही. मी नुसतं "बघू" म्हणाले. तेव्हा बोलले असते तर रागावून बोलले असते, म्हणून आज बसून लिहिते आहे.

तुझा तो "खरी सेवा" हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. मागच्या थंडीत तू मित्रांबरोबर स्टेशनवर पांघरुणं वाटायला गेला होतास. रात्री एक वाजता फोन करून सगळं सांगितलंस, आवाजात केवढा आनंद होता! ती सेवा खरीच होती, मला तिचा अभिमान आहे. पण ज्यांच्या अंगावर तू पांघरूण घातलंस ते तुला पुन्हा भेटले नाहीत. मंडळीतलं माणूस पुढच्या रविवारी पुन्हा समोर असतं, आणि त्याच्या पुढच्या रविवारीही. त्याचा स्वभाव आपल्याला ठाऊक असतो. कुठल्या वार्षिक सभेत तो कुणावर ओरडला, कुणाच्या मयताला आला नाही, सगळं आपण लक्षात ठेवलेलं असतं. अशा माणसासाठी वाकणं फार जड जातं रे.

पौलाने गलतीकरांना लिहिलंय की सर्वांचं बरं करा, आणि विशेषेकरून विश्वासाच्या घराण्यातल्यांचं. तरुणपणी मला हे "विशेषेकरून" खटकायचं. आपलीच माणसं आधी, हा कसला न्याय, असं वाटायचं. पुढे तुझी आजी आपल्याकडे अंथरुणाला खिळली, तेव्हा मला त्याचा अर्थ लागला. शेजारच्या काकू आजारी पडल्या की मी धावत पेज घेऊन जायचे, आणि घरात आजीने तिसऱ्यांदा हाक मारली की कपाळाला आठी यायची. घरच्यांनाच आपण सगळ्यात सहज टाळतो. मला वाटतं, पौलाला मंडळ्यांची ही खोड पुरती माहीत होती.

हे दिवस लेंटचे, ईस्टरआधीच्या उपवासाचे आहेत, म्हणून योहानाचा तेरावा अध्याय पुन्हा वाचायला काढला. तूही वाच, पण घाईने नको. प्रभू भोजनावरून उठतो, वरची वस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो. एकेक क्रिया योहान कशी सावकाश सांगतो बघ, जणू इतक्या वर्षांनीही त्याच्या डोळ्यांपुढून ते हलत नाही. वाटेवरच्या धुळीने भरलेले पाय धुणं हे त्या काळी दासाचं काम होतं. आणि बारा जणांत यहूदा बसलेला आहे. तो उठून बाहेर जातो ते नंतर, पाय धुऊन झाल्यावर. आपल्याला कोण धरून देणार हे प्रभूला माहीत होतं, तरी त्याने त्याचे पाय वगळले नाहीत. मी हे किती वर्षं वाचते आहे, पण यहूदाच्या टाचेवर पाणी पडलं असेल त्या क्षणापाशी आले की पुढे वाचवत नाही. तू ने-आण करतोस त्या आजोबांनी तर फक्त कुरकुर केली आहे.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट, जी तुझ्या पप्पांशिवाय कुणाला माहीत नाही.

आपल्या देवळात प्रभुभोजनाची तयारी एकवीस वर्षं माझ्याकडे होती, हे तुला आठवत असेल. महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या रात्री मनुका भिजत घालायच्या, पहाटे उकळून, कुस्करून, पांढऱ्या फडक्यातून गाळायच्या. पावाच्या कडा काढून बारीक चौकोनी तुकडे करायचे. त्या कडांसाठी तू आणि ताई भांडायचात. इवलेसे पेले एकेक करून धुवायचे, पुसायचे, उजेडात धरून बघायचे. मेजावरचं कापड माझ्याच हातचं, खळ घालून इस्त्री केलेलं. मी ते प्रेमाने करत होते. पण कधीतरी, माझ्याही नकळत, ती सेवा "माझी" झाली.

मग नवे पंच आले आणि त्यांनी ते काम मंडळीत नुकत्याच आलेल्या एका बहिणीला दिलं. मला कुणी विचारलं नाही. मी वरवर "चांगलंच झालं, मलाही आराम" म्हणाले आणि पाच रविवार देवळात गेले नाही. पप्पांना गुडघेदुखी सांगितली. सहाव्या रविवारी गेले ते पेल्यांना डाग राहिलेत का ते बघायला. प्रभूच्या मेजापाशी गुडघे टेकून मी डाग शोधत होते, सोन्या. हे लिहितानाही मला लाज वाटते.

त्याच वर्षी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तू बारावीला होतास. बावीस दिवस आपल्याकडे रोज संध्याकाळी डबा यायचा, मुगाची खिचडी, दुधीची भाजी, बिनतेलाचं वरण. तो त्याच बहिणीकडून यायचा. तिला माझ्या मनातलं कळलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. पहिले दोन दिवस तो घास माझ्या घशाखाली उतरेना. तिसऱ्या दिवशी ती स्वतः आली, माझे केस विंचरून वेणी घालून दिली आणि प्रार्थना करून गेली. मी भिंतीकडे तोंड करून रडले.

त्या दिवसापासून योहानाच्या त्याच अध्यायातला पेत्र मला फार जवळचा वाटतो. "माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत" असं तो म्हणतो, आणि आपण त्याला नम्रता समजतो. प्रभू मात्र त्याला स्पष्ट सांगतो, मी तुला धुतलं नाही तर माझ्यात तुझा वाटा नाही. दुसऱ्याच्या हातचं घ्यायलाही वाकावंच लागतं. आपल्याच नगरातल्या लक्ष्मीबाई टिळकांचं बघ. त्यांचे यजमान नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. पुढे काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या, तेव्हा त्या अजून सोवळं पाळत होत्या, पाणीसुद्धा वेगळं. एके दिवशी विचार करता करता त्यांचा जातिभेदच गळून पडला आणि त्यांनी कुणाच्याही हातचं घ्यायचं ठरवलं. मला वाटतं, दहा जणांना जेवायला वाढण्यापेक्षा त्या बाईला तो पहिला घोट अवघड गेला असेल. आपल्या मराठी मंडळ्यांचा पाया अशा घोटांवर आहे. वेगवेगळ्या जातींतून आलेली माणसं एका मेजापाशी आली. ज्यांची सावलीही चालत नव्हती त्यांच्या हातून भाकर घेतली गेली. तुझे खापरपणजोबा त्यातल्या कुठल्या बाजूला उभे होते ते तुला माहीत आहे.

तू असंही म्हणालास की तुला वचनाची सेवा करायची आहे, टेबलं-खुर्च्यांची नको. ही इच्छा चांगली आहे, ती सोडू नकोस. पण प्रेषितांची कृत्ये सहावा अध्याय उघड. यरुशलेमात रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं आणि कुरकुर सुरू झाली. म्हणजे पहिल्याच मंडळीत जेवणावरून भांडण! त्यासाठी सात जण निवडले. आमच्या जुन्या पाळकसाहेबांनी एकदा समजावून सांगितलं होतं की मूळ ग्रीकमध्ये वचनाच्या सेवेला आणि पंगतीतल्या वाढण्याला एकाच धातूतले शब्द आहेत, डीकन हा शब्दही त्यातूनच आला. आणि त्या सातांची नावं सगळी ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहिल्या, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती कोठाराची किल्ली दिली. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. त्या सातांतला स्तेफन पुढे कसा बोलला आणि विश्वासासाठी दगडमार सोसून कसा मेला, ते तुला लहानपणापासून पाठ आहे. त्याची सुरुवात वाढपी म्हणून झाली.

पंडिता रमाबाईंना 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी "पंडिता" आणि "सरस्वती" म्हणून गौरवलं. त्याच बाईंनी पुढे केडगावला (आपल्या नगरजवळचं नव्हे, दौंडकडचं) दुष्काळातून आणलेल्या उपाशी, आजारी मुली सांभाळल्या. हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं सोपं मराठी भाषांतर केलं, आणि छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला, छपाईला त्यांच्या मुक्ती मिशनमधल्याच मुली-बायका होत्या. रमाबाई 1922 ला गेल्या, बायबल छापून झालं 1924 ला. त्या बायकांची नावं आपल्याला माहीत नाहीत. एकेक खिळा उलटा वाचून ओळीत बसवताना त्यांची बोटं काळी झाली असतील.

तर आता तुझे आजोबा. फोनवर तू त्यांना सारखं "तो म्हातारा" म्हणत होतास. त्यांचं नाव काय, मी विचारलं, तर तुला सांगता आलं नाही. तीन रविवार माणूस तुझ्या पाठीला टेकून बसतो आहे आणि तुला त्याचं नाव माहीत नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. या रविवारी वीस मिनिटं आधी जा. वर त्यांच्या खोलीत जा, खालून हॉर्न वाजवू नकोस. ज्याला आयुष्यभर स्वतःच्या पायांनी देवळात जायची सवय आहे, त्याला परक्या पोराच्या गाडीवर चढताना काय वाटत असेल? कदाचित कुरकुर त्याचीच असेल. आभार मानायला शब्द सापडत नसेल. माझ्याही तोंडून त्या डब्याबद्दल "थँक यू" निघायला आठवडा लागला होता.

आणि एक. ते जवळच राहतात, तर कधी पावसात किंवा पाय जास्त दुखत असतील तेव्हा रिक्षा कर, पैसे मी पाठवते. गाडीवर बसवताना त्यांचा दुखरा पाय कोणता ते विचार आणि त्या बाजूला तू उभा राहा. देवळात त्यांना दारापाशी सोडून तू पुढे वाद्यांजवळ जातोस असं म्हणालास. तसं नको, त्यांच्या शेजारी बस. गाण्याचं पुस्तक त्यांना दिसेल असं धर. बारीक अक्षर वाचता येत नसेल तर गाणं चालू व्हायच्या आधी पहिली ओळ हळूच सांग, पुढचं त्यांना पाठ असेल.

शुक्रवारी गाडीने डबा पाठवते आहे, चालकाचा नंबर पप्पा कळवतील. त्यात दोन पुड्या आहेत. निळ्या दोऱ्याची तुझी, चकल्या. लाल दोऱ्याची त्यांची, खोबऱ्याच्या वड्या, दूध घालून मऊ केल्यात, दात नसतील तरी खाता येतील. साखर चालते का, ते आधी विचार. चालत नसेल तर मला कळव, पुढच्या वेळी राजगिऱ्याचं काही करीन. आणि त्यांचं नाव विचारून मला रविवारी संध्याकाळी फोन कर. रात्रीच्या प्रार्थनेत त्यांचं नाव घ्यायचं राहिलंय.

तुझी,
आई