डोस संपले तरी तपासणी संपत नाही

प्रिय संध्या,

स. न. वि. वि.

बाळाला दीड महिन्याचा डोस दिलास, छान झालं. आता १० आणि १४ आठवड्यांच्या तारखा आजच कॅलेंडरवर लिहून टाक. साध्या सर्दीसाठी डोस पुढे ढकलू नकोस. चुकून राहिलाच, तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेल्यापासून पुढे देतात. मात्र दोन डोसांत किमान ४ आठवडे हवेत. ९ महिने झाले की गोवर-रुबेला, आणि १६ ते २४ महिन्यांत बूस्टर.

मला खरी काळजी आहे ती त्यानंतरची. पुढचं सरकारी इंजेक्शन थेट ५-६ वर्षांचं. मध्ये टोचायचं काही नाही, म्हणून मूल आजारी पडल्याशिवाय कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. आणि रक्त कमी होणं, बोलणं मागे राहणं, दात किडणं हे सगळं याच वयातलं. डोळ्यांचं तर विचारूच नकोस. एका डोळ्याने कमी दिसणारं मूल तक्रार करत नाही, दुसऱ्यावर त्याचं निभतं. खेळताना एकेक डोळा तळहाताने झाकून बघ. एक झाकला तर खुशाल खेळतंय आणि दुसरा झाकला की हात झटकून रडतंय, असं दिसलं तर लगेच नेत्रतज्ज्ञाकडे ने. चष्मा आणि पट्टीचा गुण लहानपणीच जास्त येतो.

५ वर्षांपर्यंत दर ६ महिन्यांनी जीवनसत्त्व 'अ' पाजतात. तपासणी त्याच दिवसाला बांधून टाक, वेगळं लक्षात ठेवायला नको. वजन करताना कपडे आणि लंगोट काढायचा, आधी काटा शून्यावर आहे ना ते पाहायचं. २ वर्षांपर्यंत आडवं झोपवून लांबी मोजतात, नंतर उभं करून उंची. उभं केल्यावर पाऊण सेंटिमीटरच्या आसपास कमी भरतं, त्याने घाबरू नकोस. आकडा कार्डावर नुसता लिहून घेऊ नकोस, तक्त्यावर ठिपका द्यायला लाव. एका ठिपक्यावरून फारसं कळत नाही. ठिपके जोडलेली रेघ आडवी पडली किंवा खाली वळली, की कारण शोधायचं.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून २ वेळा येतं. सेविकाताईंना तारीख विचारून ठेव. कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये असू दे, पण त्या दिवशी मूळ कार्डच ने, नोंद त्यावरच होते.

बाळाला गोड पापा.

तुझी,
मेधा