रक्तवाढीचे इंजेक्शन आणि मोडलेले हाड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एरिथ्रोपोएटिन या रक्त वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या इंजेक्शनने मोडलेले हाड लवकर जुळते का, असे रुग्ण विचारतात. आज तरी त्यासाठी हे औषध घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रौढांमध्ये हे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडात तयार होते आणि अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवायला लावते. हाड बांधणाऱ्या आणि झिजवणाऱ्या पेशींवरही त्याचा परिणाम होतो. उंदरांवरील अनेक प्रयोगांत फ्रॅक्चरभोवती नव्या रक्तवाहिन्या वाढल्या, कॅलस (मोडलेली टोके जोडणारी नवी ऊती) लवकर कठीण झाला. पण न मोडलेल्या हाडात, जास्त मात्रेने, झिजवणाऱ्या पेशी वाढल्या आणि आतली जाळी विरळ झाली. मात्रा आणि मुदत बदलली की परिणाम उलटू शकतो, म्हणूनच हे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे.

हिमोग्लोबिन फार चढले तर रक्त दाट होते, रक्तदाब वाढतो, गुठळी होऊ शकते. खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्याला पायात गुठळीची भीती आधीच असते! मूत्रपिंडाच्या रुग्णांतही या औषधाने हिमोग्लोबिन सहसा ११.५ ग्रॅमच्या वर नेत नाहीत. आधी फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाच्या चाचण्या करतात, कारण लोह कमी असेल तर इंजेक्शनचा गुण येत नाही. डायलिसिसवरील रुग्णाने हाड मोडल्यावर डोस स्वतःहून वाढवू नये, बंदही करू नये.

हाड जुळत नसेल तर आधी तंबाखू, रक्तातली साखर, ड जीवनसत्त्व, जंतुसंसर्ग आणि ढिली पडलेली प्लेट यांचा शोध घ्यावा.

– अस्थिरोग व मूत्रपिंडविकार तज्ज्ञ