नभोनाट्यातून पडद्याकडे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. पार्श्वसंगीतासाठी चित्रपट हाती आला आणि मागोमाग मालिकाही येऊ घातली आहे, हे वाचून फार बरं वाटलं. रेडिओवरची सवय तिकडे कितपत चालेल, असं तू विचारलंयस. संवादाला जागा सोडायची सवय पुरेपूर चालेल. फ्रेमचा हिशेब मात्र नव्याने शिकावा लागेल.

नभोनाट्यात स्थळ बदललं हे सांगायला पाच-सहा सेकंदांचा संगीताचा तुकडा लागतो. पडद्यावर ते काम चित्रच करतं, त्यामुळे तोच तुकडा तिथे उपरा वाटतो. म्हणून आधी दिग्दर्शक आणि संकलकासोबत बसून प्रत्येक तुकड्याची सुरुवात आणि शेवट टाइमकोडसह (चित्रातली तास, मिनिट, सेकंद, फ्रेम अशी नेमकी वेळ) लिहून घे. संगीत कुठे नको, तेही लिही. ही दुसरी यादी करायचा बहुतेकांना कंटाळा येतो, आणि मग अंतिम मिश्रणात त्यांच्याच कामावर कात्री चालते.

आता हिशेब. समज, तुकडा सुरू झाल्यावर बरोबर 17 सेकंदांनी दार उघडतं आणि तिथे तुला सम हवी आहे. मिनिटाला 120 मात्रांची लय धरलीस तर तोवर 34 मात्रा सरतात, म्हणजे दार उघडतं 35व्या मात्रेवर. चार-चारच्या मोजणीत ती नवव्या आवर्तनातली तिसरी, जोर भलतीकडेच. नववी सम साधायची तर 17 सेकंदांत 32 मात्रा बसवायच्या. 32 गुणिले 60 भागिले 17, लय आली 112.94. सरळ 113 धर. फरक सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी पडतो, आणि सेकंदाला 24 फ्रेमच्या गतीत एक फ्रेमच सुमारे 42 मिलिसेकंदांची असते. क्लिक ट्रॅकवर, म्हणजे वादकांच्या कानात वाजणाऱ्या लयीच्या ठोक्यांवर, त्यांना आधी आठ मोकळे ठोके दे.

चित्राची गती 24 की 23.976, हे मात्र लेखी विचार. तुकडे सुटे लावले तर फरक कळत नाही. 24च्या हिशेबाने केलेलं सलग दहा मिनिटांचं संगीत 23.976च्या चित्राखाली गेलं, की शेवटचा ठोका 14 फ्रेम आधीच पडतो.

संवादाखाली वरच्या पट्टीतलं एकल व्हायोलिन किंवा बासरी टाळ. शब्द स्पष्ट कळतात ते साधारण 1 ते 4 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि या वाद्यांचं तेजही तिथेच. आवाज कमी करणं हा उपाय नव्हे, नुसता मिणमिणाट उरतो. रचनाच बदल: खालचे लांब स्वर, हालचाल वाक्यांच्या मधल्या फटीत.

मालिकेत प्रत्येक भागासाठी नवं लिहायला सवड मिळत नाही. शीर्षकसंगीताच्या धुनेवरूनच ताण, विरह, गंमत असे तुकडे आधी करून ठेव. प्रत्येकाची 60, 30 आणि 15 सेकंदांची आवृत्ती हवी, आणि तालवाद्यं, तंतुवाद्यं, मुख्य धून वेगवेगळ्या स्टेममध्ये, म्हणजे सुट्या ध्वनिपट्ट्यांवर. संकलकाला नुसता ताल काढून टाकता आला तर एकाच तुकड्यातून तीन निघतात. ध्वनीची पातळी वाहिनीच्या नियमाप्रमाणे ठेव. युरोपातल्या वाहिन्यांवर ती उणे 23 एलयूएफएस (कानाला जाणवणारी ध्वनीची पातळी मोजायचं एकक) असते.

आणि क्यू शीट, म्हणजे वापरलेल्या संगीताची यादी! तुकड्याचं नाव, लांबी, रचनाकार, वापर शीर्षकाला की पार्श्वभूमीला, सगळं भाग प्रसारित होण्याआधी भरून दे. त्यात नाव नसेल तर रॉयल्टी तुझ्यापर्यंत पोचायचा मार्गच उरत नाही. निर्मात्याच्या कचेरीतून शीट परस्पर गेली असेल तर प्रत मागून स्वतः ताडून पाहा.

तुझा स्नेही