दोनच सीटची गाडी का घेतली

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "दोनच सीट, त्यात तीस वर्षांहून जुनी, असली गाडी कशाला घेतलीस?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, कारण मागून धाकटा सारखा "ताई, टर्बो घ्यायची होतीस" म्हणून ओरडत होता. म्हणून हे पत्र. वाचून झालं की त्यालाही द्या. तो सध्या स्वतःसाठी गाडी शोधतोय आणि मी केलेलीच चूक करायच्या बेतात आहे.

ती चूक तुम्हाला कधी सांगितली नव्हती. इथे आल्यावर पहिली गाडी मी घेतली ती पिकअपला भुलून. टर्बो हॅचबॅक, आणि आधीच्या मालकाने कॉम्प्युटरमधून तिची ताकद आणखी वाढवून घेतलेली. टेस्ट ड्राइव्हला पाय दाबला आणि पाठ सीटला चिकटली, बस, तिथेच माझा निर्णय झाला. दोन महिन्यांत क्लच घसरायला लागला. मग चढावर तापमानाचा काटा लाल रेषेकडे जायला लागला, आणि शेवटी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या नि खालच्या भागांमधलं पॅकिंग, गेलं. वाढवलेली ताकद सोसायला बाकीचे भाग बनलेलेच नव्हते. गाडी स्वस्तात मिळाली होती, पण दुरुस्तीत तेवढेच पैसे पुन्हा गेले.

त्यानंतर मी वर्षभर गाडी घेतली नाही, नुसती वाचत आणि बघत राहिले. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ज्या गाड्या स्वस्त, चपळ आणि टिकाऊ म्हणून वर्षानुवर्षं नावाजल्या गेल्या, त्यांचं इंजिन बहुतेक वेळा साध्या घरगुती गाडीच्या इंजिनाचंच भावंड असतं. १९७६ ची फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय बघा. ११० हॉर्सपॉवर, वजन आठशे किलोच्या आसपास, आणि बाकी गाडी रोजच्या वापराची गोल्फच. १९८३ साली आलेली टोयोटाची एई८६ म्हणजे मुळात करोलाच, फक्त जोर मागच्या चाकांना. सुझुकीची स्विफ्ट स्पोर्टही त्याच जातीची. असं इंजिन लाखो घरांतून पळालेलं असतं, त्यामुळे त्याची दुखणी मेकॅनिकला पाठ असतात आणि पार्ट सहज मिळतात. उलट मोठी आलिशान वेगवान गाडी जुनी झाली की तिची किंमत पडते, पण तिच्या पार्टची किंमत पडत नाही. धाकट्याला हे वाक्य दोनदा वाचायला लावा.

आता माझी. ही माझदा एमएक्स-५, १९९० सालची. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटर शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांपुढे आली. साठच्या दशकातल्या लोटस एलान या ब्रिटिश गाडीसारख्या छोट्या उघड्या गाड्यांची मजा परत आणायची, पण ऑइलची गळती आणि वायरिंगची कटकट नको, अशी ती कल्पना. इंजिन १.६ लिटरचं, माझदाच्याच ३२३ या साध्या गाडीच्या घराण्यातलं, ११५ हॉर्सपॉवरच्या आसपास. वजन हजार किलोच्या आत. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेंशन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन दांड्यांनी धरलेलं, त्यामुळे वळणावर टायर रस्त्यावर नीट टेकतो. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, या अर्थाचा जपानी शब्दप्रयोग त्या लोकांनी डोळ्यांपुढे ठेवला होता.

तुम्ही विचाराल, एवढ्याशा ताकदीत मजा कसली? बाबा, मजा वजनात आहे. हलक्या गाडीला ब्रेक कमी लागतो, टायर कमी झिजतात, वळणावर ती लगेच वळते. गियरची दांडी इतकी आखूड फिरते की नुसतं मनगट हललं तरी पुढचा गियर पडतो. वळणाआधी तिसऱ्यातून दुसऱ्यात घेताना अ‍ॅक्सिलरेटरला हलकी टिचकी द्यायची, आवाज चढतो, क्लच सुटतो आणि गाडीला जराही झटका बसत नाही. तुम्ही मला रिकाम्या मैदानात आरपीएमचा काटा झाकून, फक्त आवाजावर गियर बदलायला लावायचात ना, ते आता रोज कामाला येतं. आणि हे सगळं साध्या, कायद्यातल्या वेगाला. ३०० हॉर्सपॉवरच्या गाडीत तेवढा आनंद घ्यायचा तर वेग धोकादायक होतो. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, हे तर तुम्हीच शिकवलंत.

घेताना मात्र घाई केली नाही. चार गाड्या नाकारल्या. मी पोचायच्या आत एकाने इंजिन गरम करून ठेवलं होतं, तिथून तशीच परत फिरले. थंड इंजिनच खरं बोलतं. सुरुवातीच्या एमएक्स-५ मध्ये क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचं, पुढचं टोक आखूड होतं, तिथली पुली डुगडुगायची. १९९१ मध्ये ते सुधारलं. म्हणून टॉर्च घेऊन पुलीच्या खाचा मोजायच्या: चार असतील तर जुना क्रँक, आठ असतील तर नवा. माझ्या गाडीला चारच आहेत, पण पुली एका रेषेत फिरते आणि बोल्ट नीट बसवल्याची पावती मालकाकडे होती. टायमिंग बेल्टचीही पावती होती. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल जमवणारा पट्टा तो. या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, गाडी नुसती बंद पडते. दुसऱ्या कित्येक इंजिनांत अख्खं इंजिन जातं, तेव्हा धाकट्याने बेल्ट कधी बदलला ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

खरं दुखणं गंजाचं. छताचं पाणी वाहून जायला मागे दोन छोटी भोकं आहेत. पाल्याने ती बुजली की पाणी दाराखालच्या पोकळीत साचतं आणि पत्रा आतून सडतो. मी दर महिन्याला मऊ नळी घालून ती साफ करते. परवा खालून भसाभस काळं पाणी आणि एक अख्खं पान बाहेर आलं.

धाकट्याला चार सीट लागणार, हे मला मान्य आहे. मग त्याने टोयोटा ८६ किंवा तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड बघावी. मागच्या सीटवर मोठं माणूस मावत नाही, पण बॅगा मावतात. २०१२ ला त्या आल्या तेव्हा मुद्दाम टोयोटाच्याच प्रियस या हायब्रिड गाडीला मिळायचे तसलेच अरुंद टायर दिले होते, पकड कमी असली की कमी वेगातही गाडी खेळवता यावी म्हणून. कुणाला ते खटकलं, मला फार आवडलं. नाहीतर होंडाची साधी सिव्हिक घ्यावी, मॅन्युअल, कुणी काही न बदललेली. काही न बदललेली हीच माझी एकमेव अट. आणि टायरच्या बाजूवर DOT ने सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे वाचायला त्याला शिकवा, टायर कधी बनला ते त्यात असतं. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी छान दिसली तरी जुनं रबर कडक झालेलं असतं.

उद्या सकाळी ब्रेक ऑइल बदलायचं आहे. ते हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचंच. नळीतून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत पेडल दाबायला दुसरा माणूस लागतो. तुम्ही इथे असतात तर तुम्हालाच बसवलं असतं. आईला नमस्कार सांगा.

तुमची लेक