जुन्या रायफलींवर पॉलिश पेपर फिरवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी पोलीस दलातून आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा, म्हणून निवृत्त झालो. नोकरीची सगळी वर्षे कोतमध्ये, म्हणजे शस्त्रे ठेवायच्या खोलीत, .303 रायफली आणि 410 मस्कट उघडण्यात आणि जोडण्यात गेली. गेल्या महिन्यात शहरातल्या एका शिक्षणसंस्थेने मला बोलावले. कवायतीसाठी मिळालेल्या सहा निकामी रायफली त्यांच्याकडे आहेत. 15 ऑगस्टला त्या मांडायच्या होत्या आणि मी त्यांच्यावरून एकदा नजर फिरवावी असे त्यांना वाटत होते. कपाट उघडले आणि मला तिथेच बसावे लागले. सहाही रायफली काळ्या ऑइलपेंटने रंगवलेल्या होत्या. रंग बसावा म्हणून आधी लोखंड ग्राइंडरने घासून घेतले होते. दोन रायफलींचे नंबर गेले ते कायमचे.

एकीच्या पुढच्या लाकडाला तांब्याची तार गुंडाळलेली असणार, तिचे वळ लाकडात स्पष्ट दिसत होते. तार कुठे गेली म्हणून विचारले, तर "लाकूड फुटलं होतं म्हणून कुणीतरी बांधली होती, आम्ही सोडवून भंगारात दिली," असे उत्तर आले. ती तार फुटके लाकूड बांधायला नव्हती. ज्या रायफलीच्या तोंडावर कप बसवून 36 नंबरचा हातबॉम्ब लांब फेकायचा, तिला दर वेळी जबर धक्का बसे. लाकूड आणि नळी एकत्र राहावी, फुटलेच तर जवानाच्या हाताला इजा होऊ नये, म्हणून तार घट्ट गुंडाळून वर डाग (सोल्डर) देत. ही रायफल कोणत्या कामावर होती ते सांगणारी तेवढी एकच खूण तिच्यावर उरली होती. ती किलोच्या भावाने गेली.

दोष एकट्या त्या संस्थेचा नाही. नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मीही हेच केले होते. रायफल चकाचक दिसावी म्हणून बोल्टच्या, म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, मागच्या पट्ट्यावर पॉलिश पेपर घासत बसलो होतो. उस्तादांनी हात धरला, खिडकीपाशी नेले आणि तिरप्या उजेडात दाखवले. मुकुट, त्याखाली जी. आर. आय., मग इशापूर आणि सगळ्यात खाली 1942. मुकुटाचा अर्धा भाग मी पुसून टाकला होता. "तो हिचा जन्माचा दाखला आहे, तू फाडलास," एवढेच ते म्हणाले.

तो दाखला कसा वाचायचा, हे अशा रायफली सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवे. बोल्टच्या मुठीमागे, जिथे लाकडी दस्ता लोखंडाला मिळतो, तिथला पट्टा आधी पाहायचा. जी. आर. आय. म्हणजे जॉर्ज रेक्स इम्पेरातोर, सम्राट जॉर्ज. इशापूर म्हणजे बंगालमध्ये हुगळीकाठचा आपला रायफल कारखाना. एनफील्ड असे कोरलेले असेल तर ती लंडनजवळच्या मूळ कारखान्यातली. या रायफलीचे नाव ली-एनफील्ड पडले तेही त्याच गावावरून, आणि यंत्रणेची रचना करणाऱ्या जेम्स पॅरिस ली यांच्यावरून. मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह असतील तर ती स्वातंत्र्यानंतरची. बाणाचे चिन्ह आणि त्याखाली आय हे अक्षर असेल तर ती हिंदुस्थान सरकारची मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील तर सरकारने ती सेवेतून काढून विकलेली. डी. पी. म्हणजे फक्त कवायतीसाठी. बोल्टचा आणि मुख्य भागाचा नंबर एकच असेल तर जोडी मूळची. दस्त्यात पितळी चकती असेल तर तिच्यावर पलटणीची खूण असते. आणि मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा असेल, नळीत आटे (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचा) नसतील, तर ती रायफल नव्हे, मस्कट. लष्कराची .303 काडतुसे कुणी पळवली तरी ती पोलिसाच्या हातातल्या बंदुकीत चालू नयेत, म्हणून इंग्रजांनी ही 410 ची एकबारी करून घेतली होती. माझ्या आधीच्या कित्येक शिपायांनी उभी नोकरी हीच खांद्यावर घेऊन काढली.

माझा भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो. तिथे लष्करांनी मोडीत काढलेल्या रायफली दुकानात मिळत आणि बरीच वर्षे त्या स्वस्तही होत्या. त्याने एक घेतली, काकवीसारख्या घट्ट ग्रीसमध्ये बुडालेली, आणि मला व्हिडिओ कॉल केला, "मामा, ही कुठली?" मी म्हटले, पट्ट्यावरचे ग्रीस पूस. आर. एफ. आय., म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, 1966. आपल्या इशापूरची 2ए1! दुकानदाराने त्याला ती जुन्या .303 ची नळी बदलून केलेली म्हणून सांगितली होती. ते खरे नाही. 1962 च्या युद्धानंतर आपल्या कारखान्याने 7.62 च्या काडतुसासाठी जास्त मजबूत पोलाद वापरून ही नवी घडवली. तिचे मॅगझिनही वेगळे, चौकोनी आणि बारा गोळ्यांचे, .303 चे दहाचे. तीन रविवार आम्ही दोघे फोनवर ती साफ करत होतो. त्याने एकही अक्षर घासू दिले नाही, याचा मला फार आनंद वाटला.

साफ करण्याची रीत तीच इथेही लागू आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आधी बोल्ट बाहेर काढून नळीतून उजेड पाहायचा. कवायतीची असली, निकामी असली, तरीही. मग रॉकेल, ते न मिळाल्यास टर्पेंटाइन, जुना टूथब्रश आणि टोक काढलेली बांबूची काडी. अक्षरांत साचलेले ग्रीस काडीने निघते, सुईने नाही. सुई पोलादावर ओरखडा सोडते. गंजावर तेल लावून रात्रभर ठेवायचे आणि सकाळी पितळेच्या पट्टीच्या कडेने खरवडायचे. पितळ पोलादापेक्षा मऊ, म्हणून गंज निघतो आणि लोखंड राहते. लाल गंज तेवढा काढायचा. काळपट तपकिरी थर हे पोलादाचे वय आहे, त्याला हात लावायचा नाही. अक्षरे वाचायला खडू घासून बोटाने पुसायचा आणि टॉर्च बाजूने धरायचा. तसाच फोटोही काढायचा.

नळीबद्दल एक गोष्ट आजकाल कुणी सांगत नाही. जुन्या .303 काडतुसांच्या टोपीतल्या दारूने नळीत मीठ सुटे. मीठ हवेतला ओलावा ओढते आणि तेलात विरघळत नाही, त्यामुळे नुसते तेल लावलेली नळी आतून खात जाते. म्हणून नरसाळ्याने उकळते पाणी ओतायचे, मग दोरीला चार बाय दोन इंचाची कोरडी चिंधी लावून पुलथ्रू ओढायचा आणि शेवटी तेल. आम्ही त्या तेलाला रंगून तेल म्हणायचो. ते ठेवायची पितळी कुपी आणि दोरी दस्त्याच्या पोकळीत असते. पितळी पट्टीवरचे छोटे झाकण उघडून पाहा, पुष्कळदा ती अजून आतच सापडते.

लाकडावर टचवुड, वॉर्निश काही नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, लाकूड आटते आणि सगळे स्क्रू ढिले पडतात. त्याला जवसाचे तेल हवे. चार थेंब घेऊन तळहात गरम होईपर्यंत चोळायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा, असे आठवडाभर. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल सुकताना स्वतः तापते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात बुडवा.

संपादक महोदय, हे मी सोलापूरच्या वर्तमानपत्राला लिहितो याला कारण आहे. 1930 च्या मार्शल लॉमध्ये आपल्या रस्त्यांवर जे लष्कर उभे राहिले, त्याच्या हाती हीच .303 होती. त्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर गेले. आणि 13 सप्टेंबर 1948 ला, हैदराबादच्या निजामाविरुद्धच्या कारवाईत, सोलापुराहून निघून ज्या जवानांनी त्याच दिवशी नळदुर्ग घेतले, त्यांच्याही खांद्यावर हीच होती. एकाच हत्याराने या शहराला दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना आपण हार घालतो. मग त्या काळाचे हे लोखंड असे ऑइलपेंटखाली जाऊ द्यायचे?

घरगुती संग्रहाचा हा विषय नाही, हेही स्पष्ट लिहितो. .303 आणि 7.62 आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये (नागरिकांना मनाई असलेल्या नळीच्या मापांत) येतात आणि सामान्य नागरिकाला त्या ठेवता येत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीपासून परवान्यावरही दोनच शस्त्रे चालतात. आजोबांच्या माळ्यावर एखादी बंदूक सापडली, तर ती पिशवीत घालून फिरू नका, घासूही नका. जिथे आहे तिथेच ठेवून पोलीस ठाण्यात कळवा. म्हणजे आपल्याकडे जपायच्या रायफली राहतात त्या शाळा-महाविद्यालयांत, संस्थांत आणि सरकारी कोतमध्ये. पोलीस दलांतून .303 हळूहळू निरोप घेत आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी 2020 च्या प्रजासत्ताक दिनी तिला रीतसर मानवंदना देऊन निवृत्त केले. ज्या भट्टीत जातील त्या जाऊ द्या. जिल्ह्यातल्या निदान दहा-बारा तरी, निकामी करून, नंबर आणि खुणांच्या नोंदीसह शहरात एका ठिकाणी मांडाव्यात, अशी माझी जिल्हा प्रशासनाला विनंती आहे.

त्या सहांपैकी चार रायफलींचा रंग मी काढला आहे. अक्षरांतला रंग निघायला एकेकीला दोन दिवस लागले. एकीवर 1942 निघाले, आणि मुकुट अख्खा. उरलेल्या दोघींचे नंबर गेले असले तरी पुढचे लाकूड उतरवल्यावर त्यावर कधी कधी नंबर ठोकलेला मिळतो. तो मी या रविवारी पाहणार आहे. ज्या संस्थांकडे अशा रायफली आहेत त्यांनी या वर्तमानपत्राच्या कार्यालयामार्फत मला निरोप द्यावा. मी येईन, मोबदला नको. तोवर कपाटाला कुलूप असू द्या आणि ग्राइंडरवाल्याला बोलावू नका.

— एक निवृत्त पोलीस आर्मरर, सोलापूर